अस्वलाची फाइल

२००२ च्या मे महिन्यातला शनिवार. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका छोट्या फाउंड्रीच्या ऑफिसात मी हिशेबाला होते. मागं शेडमध्ये साचे भरायचं काम चाललेलं, दुपारपासून वळवाचं आभाळ आलेलं. लाइट जायच्या आत मेल उतरवून घ्याव्यात म्हणून मी मोडेम जोडला. इंटरनेट लावलं की ऑफिसचा फोन अडकून बसायचा, म्हणून दिवसातून दोनदाच जोडायचा असा साहेबांचा नियम होता.

पाच मेल आल्या. चार कामाच्या. पाचवी कोल्हापूरच्या एका गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागातली. पाठवणारे गृहस्थ मोजकं लिहिणारे. खरेदीची ऑर्डर आणि नापास कास्टिंगची यादी याशिवाय त्यांनी दोन वर्षांत मला एक ओळसुद्धा जास्तीची पाठवली नव्हती. त्यामुळे त्यांच्याकडून व्हायरसचा इशारा आला म्हणजे तो खराच असणार, असं मी धरून चालले.

मेल इंग्रजीत होती. तिचा आशय असा: माझ्या कॉम्प्युटरमध्ये एक व्हायरस शिरला आहे, तो पत्त्यांच्या यादीतून आपोआप पसरतो, तुमचा पत्ता माझ्या यादीत आहे, तेव्हा तो तुमच्याकडेही असणारच. नॉर्टन आणि मॅकअफी या दोन्ही अँटिव्हायरसना तो सापडत नाही. चौदा दिवस गप्प बसतो आणि मग सगळी सिस्टिम खराब करतो. पुढं काय करायचं ते एकेक पायरी करून दिलेलं. स्टार्ट दाबा, फाइंडमध्ये जा, 'जेडीबीजीएमजीआर डॉट ईएक्सई' हे नाव टाका, सी ड्राइव्ह शोधा. फाइल सापडली तर तिच्यापुढं अस्वलाचं चित्र दिसेल. कोणत्याही परिस्थितीत ती उघडू नका. डिलीट करा, रिसायकल बिन रिकामा करा, आणि तुमच्या यादीतल्या प्रत्येकाला हे कळवा.

मी शोधलं. स्क्रीनवर शोधाचं भिंग कागदावर गोल गोल फिरत राहिलं आणि थांबलं तेव्हा एक ओळ आली. तिच्यापुढं राखाडी रंगाचं, खेळण्यातलं छोटंसं अस्वल.

ते अस्वल बघून माझ्या पोटात गोळा आला. विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये सगळ्या फाइलींना कसली तरी चौकोनी, निर्जीव चित्रं असतात. त्यांच्यात हे बाहुलं कुणीतरी मुद्दाम आणून बसवल्यासारखं दिसत होतं. मेलमध्ये लिहिलेली गोष्ट डोळ्यांनी दिसली, मग बाकीचं सगळं खरं मानायला मला आणखी काही लागलं नाही. नॉर्टनला सापडत नाही म्हणजे काय, ही फाइल मुळात कसली आहे, यातला एकही प्रश्न मनात आला नाही. मी अस्वल पुसलं. शेजारच्या खोलीतल्या दोन मशीनवर बघितलं, तिथंही होतं. तीही पुसली. परत मोडेम जोडला आणि मेल पुढं पाठवून दिली. यादीत एक्केचाळीस पत्ते होते. सगळे एकाच ओळीत टाकले.

एवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. पण ज्यांच्याकडे मेल नव्हती, किंवा मेल होती पण इंग्रजी वाचायची सवय नव्हती, त्यांना मी फोन करून सांगितलं. मराठीत, सोपं करून. शहापूरच्या वहिनींना, निपाणीला आत्याच्या मुलाला, आणि खानापूरला मामांना.

इथं सीमाभागातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढं जे झालं ते तिच्यामुळंच झालं. आमच्याकडे घरात मराठी, कचेरीत कानडी आणि कॉम्प्युटरवर इंग्रजी. शेताचा उतारा, लाइट बिलावरची सूचना, तहसीलदार कचेरीची नोटीस, सगळं कानडीत येतं. मामांच्या पिढीतले पुष्कळ लोक कानडी बोलतात, पण कागद वाचताना अडतात. मग घरात एक माणूस ठरलेला असतो. कागद आला की त्याच्याकडे जायचं, 'हे काय लिवलंय बघ की' म्हणायचं. आमच्या घरात तो माणूस मी होते. मराठी शाळेत शिकले, पण कानडी मन लावून शिकले होते. मी वाचून सांगितलं की मामा सही करायचे. मी काय सांगते ते पुन्हा दुसऱ्याला विचारायचे नाहीत.

मामांची भाताची गिरण होती. त्यांच्या मुलानं जुना कॉम्प्युटर घेऊन दिला होता आणि गिरणीचं घेणं-देणं त्यात घालायला सुरुवात केली होती. मी फोनवर सांगितलं, "मामा, अस्वलाचं चित्र असलेली फाइल आहे का बघायला लावा. असली तर व्हायरस आहे. चौदा दिवसांत सगळं जातंय."

सोमवारी आमची मशीन बघणारा पोरगा यूपीएस दुरुस्त करायला आला. विशीतला, रामदेव गल्लीत एका माडीवर दुकान. मी त्याला मोठ्या विश्वासानं सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही. यूपीएसचा स्क्रू आवळत राहिला, मग म्हणाला, "अक्का, सांजच्याला दुकानात येता काय? एक मशीन दाखवायचं हाय."

गेले. टेबलावर कॉम्प्युटरचा उघडा डबा होता, नवी हार्ड डिस्क बसवलेली. त्यानं माझ्यासमोर सीडीवरून विंडोज ९८ चढवायचं शेवटचं काम पुरं केलं. तासभर लागला असेल. मग म्हणाला, "याला मोडेम हाय का बघा. फोनची वायर कुठं दिसते का?" कुठंच नव्हती. त्या मशीननं अजून बाहेरचं जग बघितलंच नव्हतं. फ्लॉपी नाही, मेल नाही. त्यानं फाइंड उघडलं आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मी नाव टाइप केलं.

राखाडी अस्वल.

"सीडीतनंच येतंय ते," तो म्हणाला. "परवा तुम्ही पुसलं ते हेच. कंपनीनंच दिलेलं."

आदल्या वर्षी, २००१ मध्ये, त्यानं असंच दुसरं प्रकरण निस्तरलं होतं. तेव्हा फाइलीचं नाव वेगळं होतं, 'एसयूएलएफएनबीके'. तिच्याबद्दलही तसलीच मेल फिरली होती. ती फाइल विंडोज ९८ ची स्वतःची. लांब नावांच्या फाइलींची नावं बिघडली तर पुन्हा बसवायला ती कामाला येते. त्यानं गिऱ्हाइकांकडे जाऊन ती परत बसवून दिली होती. रनमध्ये 'एसएफसी' लिहायचं, म्हणजे सिस्टिम फाइल चेकर उघडतो, त्यात सीडीतून एकच फाइल काढून घ्यायची सोय असते. पण तो प्रामाणिक होता, दुसरी बाजूही सांगितली. मॅजिस्टर नावाचा एक खरा व्हायरस त्याच सुमाराला फिरत होता आणि तो कधी कधी हीच फाइल बाधित करून मेलला जोडून पाठवायचा. म्हणजे आपल्या डिस्कवर मुळात असलेली फाइल निर्दोष, आणि त्याच नावाची मेलला चिकटून आलेली फाइल धोक्याची. नावावरून काही ठरत नाही. ती कुठून आली हे बघावं लागतं. हे वाक्य मी तेव्हाच वहीत लिहून घेतलं.

मग आम्ही त्याच्या दुसऱ्या मशीनवर इंटरनेट लावलं. त्यानं फाइलीचं नाव आणि पुढं 'होक्स', म्हणजे खोटी आवई, हा शब्द टाकून शोधलं. अँटिव्हायरस कंपन्यांच्या पानांवर ही मेल जशीच्या तशी छापलेली होती, खोटी म्हणून. मायक्रोसॉफ्टनंही खुलासा केलेला होता: जावा भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या एका अवजाराशी जोडलेली ही फाइल आहे, पुसली गेली असली तरी साध्या वापरणाऱ्याचं काही अडत नाही. मी तो मजकूर दोनदा वाचला. आमच्या तीन मशीनचं काही नुकसान झालेलं नव्हतं. पण पत्ते एक्केचाळीस होते, आणि फोन वेगळे.

व्हायरस म्हणजे मशीनकडून मशीनकडे स्वतःची नक्कल पाठवणारा प्रोग्राम. त्या मेलमध्ये प्रोग्राम नव्हताच. नक्कल पाठवायचं काम माझ्या हातानं केलं, फाइल पुसायचं कामही माझ्याच हातानं. आणि मेल माझ्या नावानं गेली, म्हणून पुढच्यानं ती उघडली. मी कोल्हापूरच्या गृहस्थांवर विश्वास ठेवला तसाच. त्यांनी आणखी कुणावर ठेवला असेल तसाच.

त्या रात्री मला झोप आली नाही. मंगळवारी सकाळी मी साहेबांना सगळं सांगितलं आणि परत कळवायला वेळ मागितला. त्यांनी दिला, एवढंच नव्हे तर फोनही वापरायला दिला. त्यांचा हा मोठेपणा मी विसरलेले नाही.

पहिलं काम मेल लिहायचं. ती लिहिताना मला कळलं की खोटी मेल मी सगळ्यांचे पत्ते उघडे ठेवून पाठवली होती. एक्केचाळीस जणांना एकमेकांचे पत्ते मिळाले होते, आणि मेल पुढं जाईल तसे अनोळखी लोकांनाही मिळणार होते. आता मी सगळे पत्ते बीसीसीमध्ये टाकले, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. विषयाच्या ओळीत लिहिलं, 'शनिवारी मी पाठवलेली सूचना खोटी होती'. 'महत्त्वाचे' किंवा 'तातडीचे' असलं काही लिहिलं नाही, कारण त्याच शब्दांनी पहिली मेल सजलेली होती. मजकूर पाच ओळींचा. ती फाइल विंडोजची स्वतःची आहे. पुसली असेल तर काही अडणार नाही. अजून पुसली नसेल तर पुसू नका. तुम्ही ती मेल पुढं पाठवली असेल तर ज्यांना पाठवली त्यांनाच हे कळवा, बाकी कुणाला नको. चूक माझी आहे. खाली मायक्रोसॉफ्टच्या पानाचा पत्ता दिला, म्हणजे माझ्यावर विश्वास न ठेवता स्वतः जाऊन बघता येईल.

जुनी मेल मी खाली जोडली नाही. हे विचार करून केलं. जोडली असती तर कुणीतरी वरच्या पाच ओळी कापून खालचा मजकूर परत फिरवला असता.

मेल पाठवून झाल्यावर फोन. वहीच्या एका पानावर एक्केचाळीस पत्त्यांची माणसं लिहिली, शेजारी फोन नंबर, आणि बोलणं झालं की खूण. फोन का, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, भीतीची मेल माणूस उघडतोच, पण 'काही झालेलं नाही' असं सांगणारी मेल तो नंतर बघू म्हणून ठेवतो, आणि तोवर चौदा दिवस मोजत बसतो.

कोल्हापूरच्या गृहस्थांना पहिला फोन केला. ते शांत ऐकून घेत होते. मी त्यांना चूक काढून दाखवली नाही. मलाही काल कळलं, एवढंच म्हटलं. त्यांना ती मेल पुण्याहून आली होती. त्यांनी मागच्या माणसाला कळवायचं कबूल केलं. एक ओळखीच्या बाई माझ्यावर चिडल्या, कारण त्यांनी ती मेल त्यांच्या साहेबांना पाठवली होती आणि त्यांच्या ऑफिसात सगळ्यांसमोर त्यांना ऐकून घ्यावं लागलं होतं. मी गप्प ऐकलं. निपाणीच्या भावानं तर मी फोनवर मराठीत सांगितलेलं स्वतः रोमन लिपीत टाइप करून तंबाखूच्या व्यापारातल्या साठएक लोकांना पाठवलं होतं, वर माझं नाव घालून. त्याच्याकडून ती यादी मागवली आणि त्यालाच पाच ओळींचा मराठी मजकूर लिहून दिला.

मामांना फोन करायचं मी शेवटपर्यंत पुढं ढकलत होते. संध्याकाळी केला.

त्यांच्याकडे कॉम्प्युटर बघणाऱ्या माणसाला मामांनी रविवारीच बोलावलं होतं. अस्वल होतंच. तो म्हणाला, नुसतं पुसून जायचं नाही हे, फॉरमॅट मारावं लागेल. तीनशे रुपये घेतले आणि मारलं. मार्चपासूनचा हिशेब त्यात होता. कुणाचं किती भात आलं, किती तांदूळ नेला, कुणाकडे दळणाचे किती राहिले. फॉरमॅट म्हणजे डिस्कवरचं सगळंच पुसणं, हे मामांना माहीत नव्हतं, आणि त्या माणसानं आधी हिशेबाची फाइल फ्लॉपीवर घेतली नाही.

मी म्हटलं, "मामा, मला आधी विचारायचं न्हवं?"

ते म्हणाले, "तूच वाचून सांगितलंस की पोरी. आणि कुणाला विचारू?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोसलं असतं.

पुढचे तीन रविवार मी सकाळच्या पॅसेंजरनं खानापूरला गेले. धूळवाफ पेरण्या चालू होत्या, मग पहिला पाऊस लागला, मलप्रभेचं पाणी गढूळ झालं. गिरणीतल्या फळीवर बसून आम्ही पावत्या लावल्या. मामांनी नशिबानं कागदी वही पूर्ण सोडलेली नव्हती. पोत्यांची नोंद पेन्सिलीनं केलेली होती. मामी चहा आणून ठेवायच्या. बहुतेक सगळं परत उभं राहिलं. दोन गिऱ्हाइकांची बाकी शेवटपर्यंत जुळली नाही, ती मामांनी सोडून दिली. ती रक्कम मी द्यायला गेले तर घेतली नाही.

हे पुसून टाकलेलं परत लिहिताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. आमच्याकडे कागद वाचून सांगणाऱ्यावर जो भरवसा असतो, तो त्या कागदावरच्या मजकुरालाही चिकटतो. म्हणून वाचून सांगणाऱ्यानं आधी कागद तपासायला हवा. कानडी नोटिशीवर मी शिक्का बघायचे, तारीख बघायचे, कुठल्या कचेरीची आहे ते बघायचे. इंग्रजी मेलचं मात्र मी यातलं काहीच बघितलं नव्हतं.

बघितलं असतं तर दिसलं असतं. तारीख नव्हती. 'चौदा दिवस' म्हटलं होतं, पण कुठल्या दिवसापासून ते नाही, त्यामुळे ती मेल कधीही वाचली तरी ताजी वाटायची. मोठ्या कंपन्यांची नावं होती, पण त्यांच्या एकाही पानाचा पत्ता नव्हता. आणि 'कुणालाच सापडत नाही' हे वाक्य तर तपासायचा रस्ताच बंद करण्यासाठी घातलेलं होतं. अँटिव्हायरस चालवून काही मिळालं नाही तर मेल खरी, मिळालं तरी खरी. पण सगळ्यात मोठी खूण शेवटच्या ओळीत होती: सगळ्यांना पाठवा. खऱ्या इशाऱ्याला तुमच्या-माझ्या यादीची गरज पडत नाही. तो कंपनीच्या पानावर असतो, त्यात कुठल्या सॉफ्टवेअरच्या कुठल्या आवृत्तीत दोष आहे ते लिहिलेलं असतं, आणि दुरुस्ती कुठून घ्यायची ते असतं.

नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. १९९४ साली 'गुड टाइम्स' नावाच्या व्हायरसची सूचना अमेरिकेत मेलवरून फिरली होती. त्या नावाची मेल नुसती वाचली तरी कॉम्प्युटर खराब होईल असं तिच्यात होतं, आणि अमेरिकेच्या एका सरकारी खात्याचं नाव पुढं केलेलं. तसा व्हायरस नव्हताच. तेव्हाच्या मेल म्हणजे साधी अक्षरं, ती वाचून काही चालू होणं शक्य नव्हतं. म्हणून काही जाणकार पुढं कित्येक वर्षं सांगत राहिले की मेल नुसती वाचून कधीच काही होत नाही. मला हे सांगणं धोक्याचं वाटतं. १९९९ च्या नोव्हेंबरात 'बबलबॉय' आला, तो आउटलुक या मेल वाचायच्या प्रोग्राममध्ये जोडलेली फाइल न उघडताही चालू होत होता. त्याच्या पुढच्या वर्षी ४ मे २००० ला 'आय लव्ह यू' आला. तो प्रेमपत्राच्या नावाची फाइल जोडून यायचा, आणि विंडोज फाइलीच्या नावाचा शेवटचा भाग लपवत असल्यामुळे ती साधी मजकुराची फाइल वाटायची. उघडणाऱ्याच्या यादीतल्या सगळ्यांना तो खरोखरच आपोआप गेला. म्हणजे खरे व्हायरसही आहेत आणि खोटे इशारेही. 'असं होऊच शकत नाही' म्हणून झटकून टाकायचं नाही, आणि 'होऊ शकतं' म्हणून पळत सुटायचंही नाही. थांबून बघायचं.

२००६ मध्ये ती परीक्षा झाली. 'इन्व्हिटेशन' नावाची मेल उघडली तर ऑलिंपिकची मशाल दिसेल आणि सगळी सी ड्राइव्ह जळून जाईल, अशी सूचना मला एकाच आठवड्यात तीन ठिकाणांहून आली. मायक्रोसॉफ्टनं हा आजवरचा सगळ्यात घातक व्हायरस ठरवला आहे असंही लिहिलेलं. मी तारीख शोधली, नव्हती. पानाचा पत्ता शोधला, नव्हता. मशालीचं नाव आणि 'होक्स' टाकून बघितलं, पाच मिनिटांत उत्तर मिळालं. मग तिन्ही पाठवणाऱ्यांना वेगवेगळा फोन केला. सगळ्यांना एकदम उत्तर देऊन चारचौघांत 'तुम्ही खोटं पाठवलंत' म्हणायचं नाही, हे मी त्या चिडलेल्या बाईंकडून शिकले होते. एकट्याला सांगितलं की माणूस ऐकतो आणि स्वतःच पुढच्यांना कळवतो. तिघांपैकी दोघांनी कळवलं.

अलीकडे हीच सूचना व्हॉट्सअॅपवर येते. 'मार्टिनेली' नावाचा व्हिडिओ उद्या येईल, उघडू नका, फोन हॅक होईल. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर ती दर दीड-दोन वर्षांनी फिरते. 'उद्या' हा शब्द तसाच असतो. तिच्यावर मी फार वेळ घालवत नाही. पाठवणाऱ्याला एक ओळ लिहिते आणि सोडते.

पण मेलवरची खोटी सूचना बदलली आहे, आणि ती जास्त वाईट झाली आहे. गेल्या पावसाळ्यात माझी भाची बसनं बेळगावला आली. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत ती शिकवते. तिला मेल आली होती: तुमच्या मेलबॉक्समध्ये व्हायरस सापडला आहे, चोवीस तासांत तपासणी केली नाही तर खातं बंद होईल, खालचं बटण दाबा. ती मुलगी घाबरलेली, पण तिनं बटण दाबलं नव्हतं. आधी मला विचारायचं म्हणून आली होती.

आम्ही दोघींनी मिळून बघितलं. पाठवणाऱ्याचं नाव मेल पुरवणाऱ्या कंपनीचं दिसत होतं, पण नावावर बोट ठेवल्यावर खाली उघडलेला पत्ता भलत्याच जागेचा होता. बटण न दाबता त्यावर बोट दाबून धरलं तर जिथं जाणार तो पत्ता दिसतो. तोही कंपनीचा नव्हता. मग ती मेल बाजूला ठेवली आणि कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून तिच्या खात्यात गेलो. तिथं कसलीच सूचना नव्हती. जुन्या मेलनं माझ्या हातून फाइल पुसून घेतली होती. या मेलला आपल्याच हातून आपला पासवर्ड टाइप करून हवा असतो. घाई तीच, फक्त चौदा दिवसांचे चोवीस तास झालेले.

मी विचारलं, "आणि कुणाला आलीय?"

शाळेतल्या सगळ्यांना आली होती. तिनं एकेकाला फोन लावला. मी जवळ बसून सांगत होते: आधी विचार की बटण दाबलं का, ओरडू नकोस. एका सरांनी दाबलं नव्हतं. दुसऱ्यांनी मेल बघितलीच नव्हती. दोन बाईंनी दाबून पासवर्ड दिला होता. त्यातल्या एका बाई रडू लागल्या, कारण बँकेची मेलही त्याच खात्यावर येत होती.

त्यांचं एकेक करून निस्तरलं. ज्या फोनवर बटण दाबलं तो बाजूला ठेवून घरातल्या दुसऱ्या फोनवरून खात्यात जायचं. पासवर्ड नवा ठेवायचा, आणि जुना आणखी कुठं वापरला असेल तर तिथलाही बदलायचा. इतर सगळ्या मशीनवरून बाहेर पडायचं बटण असतं, ते दाबायचं. सेटिंगमध्ये जाऊन बघायचं की आपल्या मेल दुसऱ्या कुणाला पुढं पाठवायची व्यवस्था कुणी करून ठेवली आहे का, आणि खातं परत मिळवायचा फोन नंबर आपलाच आहे का. लोक पासवर्ड बदलून थांबतात आणि हे बघत नाहीत. एका बाईंच्या खात्यात तो नंबर खरंच बदललेला निघाला. शेवटी दुहेरी तपासणी चालू करायची, म्हणजे पासवर्ड कळला तरी फोनवर येणाऱ्या आकड्याशिवाय आत जाता येत नाही. बँकेत फोन करून त्यांनी खात्री केली, पैसे गेले नव्हते. गेले असते तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत नंबरवर त्याच मिनिटाला फोन करायचा, उद्यावर टाकायचा नाही, कारण पैसे पुढच्या खात्यांतून निघून जायच्या आत थोपवायचे असतात. तो नंबर मी त्या सगळ्यांना कागदावर लिहून घ्यायला लावला.

शेवटच्या बाईंचं सगळं होईपर्यंत दिवेलागण झाली. बाहेर पाऊस धरला होता आणि भाचीची साडेसहाची बस निघून गेली होती. तिनं मामांना फोन केला, आज इथंच राहते म्हणून. ते तिला विचारत होते ते मला ऐकू येत होतं: "सगळ्यांना कळवून झालं न्हवं?"